गपपगार

माडवेळमध्ये कुणी मोठ्यांदा शिंकलं, की माणसं आधी शिंकणाऱ्याकडे बघायची आणि मग जमिनीकडे. कारण जमीन ऐकत असायची. उगीच म्हणायला नव्हे, अगदी खरोखर ऐकत असायची, आणि त्या ऐकण्यावरच गावाचं घर, दार, फ्रीज, शाळेची बस आणि सुनंदाकाकींचे सोन्याचे दात चालायचे.

आणि अशा गावात पावनी कोळंबकर जन्माला आली होती, जिचा साधा आवाज म्हणजे दुसऱ्यांची बोंब! ती हसली की शेजारच्या घराची खिडकी लागायची. ती जिना उतरली की खालून आई ओठांवर बोट ठेवून उभी. सोळा वर्षांची झाली तरी तिला पाय न हलवता बसता यायचं नाही. बाकाखाली तिची टाच सारखी ठकठक करायची आणि शाळेतले सर म्हणायचे, "पावनी, तुझ्या या एका पायामुळे गावाचा गपपगार जायचा हां!"

गपपगार हा शब्द कुणी काढला कुणास ठाऊक. समुद्रातून तेल काढणाऱ्या कंपनीच्या भाषेत तो होता 'शांतता-मोबदला'. पण गाव म्हणायचं, गप ऱ्हवण्याचो पगार, म्हणून गपपगार. दर तीन महिन्यांनी यायचा, तेलातल्या गावाच्या हिश्श्यातून. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात इंजिनाची बोट नाही, फटाके नाहीत, ढोल नाही. सारिकाताईच्या लग्नात वरात निघाली तेव्हा सगळ्यांच्या कानांत हेडफोन होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, रस्त्यावर पन्नास माणसांना एकदम मुंग्या चावल्यात. नाचले सगळे, पण टाचा न आपटता.

आणि मासे? ते व्हॅनमधून यायचे. गोठलेले, कुठल्यातरी दूरच्या बंदरातले. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि आई पापलेटावरचा स्टिकर नखानं सोलून कालवण करायची.

*

दर रविवारी पावनी श्रवणघरात जायची. गावाच्या टोकाला, सुरूच्या बनामागे कंपनीची ही बसकी पांढरी इमारत होती. तिथले इंजिनीअर बर्वेसर दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आले होते. दहावी झालेल्या मुलांमधून एकाला शिकाऊ म्हणून घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गाला एक आवाज ऐकवला आणि विचारलं, हे काय? कुणी म्हणालं लाट, कुणी म्हणालं ट्रक. पावनी म्हणाली, "सर, आमच्या सुनंदाकाकी आहेत या. डावा पाय ओढतात." तेव्हाच तिची निवड झाली. सबंध आयुष्यात पहिल्यांदा तिला गप बसण्याबद्दल नाही, तर ऐकण्याबद्दल कुणी शाबासकी दिली होती, आणि ती तीन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

बर्वेसरांनी तिला समजावलं होतं ते असं. समुद्राच्या तळाखाली खडक आहे आणि खडकाच्या बारीक छिद्रांत तेल अडकलंय, जुन्या बरणीच्या तळाला मध घट्ट चिकटून बसतो तसं. नुसत्या पंपानं ते निघत नाही. म्हणून खडकात जिवाणू सोडलेत, प्रयोगशाळेत वाढवलेले. ते साबणासारखा एक द्रव तयार करतात आणि तेल सुटं करतात. पण काम करता करता ते वायूही सोडतात. वायूचा दाब वाढला की खडकाला तडे जातात. तडा आडवा गेला तर हरकत नाही. वर आला, तर तेल सरळ समुद्रात.

"म्हणून प्रत्येक तडा ऐकावा लागतो," सर म्हणाले होते. "आणि तडा फार हळू बोलतो."

ऐकायला होती एक तार. केसाएवढ्या जाडीची काचेची. तेलाच्या विहिरींपासून समुद्राच्या तळावरून येऊन किनाऱ्याच्या वाळूखालून गावात शिरलेली. तारेत एका टोकाकडून लेझरचा प्रकाश सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष असतातच, आणि प्रत्येक दोष थोडासा प्रकाश मागे परतवतो. जमीन थरथरली की तार ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे तारेचा प्रत्येक वीतभर तुकडा हा एक कान! असे लाखो कान, आणि त्या सगळ्यांमागे बसलेला एक संगणक. गावानं त्याचं नाव ठेवलं होतं कानसेन.

कानसेनला तडे ऐकू यायचे, खेकडे ऐकू यायचे, आणि माणसं तर काय, चालण्यावरून नावानिशी ओळखायचा. पडद्यावर किनाऱ्याचा नकाशा दिसायचा आणि त्यावर चालणारे ठिपके. 'सुनंदा गिरप, वाटेकरी.' 'नितेश कोळंबकर, वाटेकरी.' हे पावनीचे बाबा.

आणि ती स्वतः खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत गेली, की पडद्यावर यायचं, 'पावनी कोळंबकर. वाटा नाही.'

*

शनिवारी संध्याकाळी तृप्तीआते आली. ही बाबांची धाकटी बहीण. दोन आळ्या पलीकडे राहायची आणि उद्या कायमची पनवेलला निघाली होती. तिचा नवरा तिथल्या एका गोदामात कामाला होता. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता. आते आणि तिची मुलगी ओवी दुपारी गाडीनं जाणार होत्या. घराची किल्ली द्यायला म्हणून आते आली ती पायरीवरच उभी राहिली.

"आत ये मगे," बाबा म्हणाले.

"बरी आसंय हयच."

माडवेळमधली भांडणं कुजबुजत व्हायची. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, भाऊबहीण काही गुपित बोलतायत.

"तृप्ती, माझ्यातलो अर्धो घी म्हणान किती वेळा सांगलंय तुका?"

"तुझ्यातलो कित्याक? माका भीक नको, दादा. माका वाटो होयो."

"मी काय करू? कानसेनाक नाय सांगूक येणा."

"मी सांगलंय तुका काय कर म्हणान?" आतेचा आवाज आणखी खाली गेला. "आठ दिसांची बाळंतीण होतंय मी तेव्हा. सुवेर. जाळ्याक शिवाची नाय म्हणान घरात बसलंय. माका काय म्हायती, तीच शेवटची रापण?"

ही शेवटची रापण म्हणजे माडवेळची दुखरी दाढ. तिथे जीभ गेल्याशिवाय राहायची नाही.

बारा वर्षांपूर्वी कंपनीची माणसं आली आणि म्हणाली, तेलातला गावाचा हिस्सा घरोघरी कसा द्यायचा ते तुम्हीच सांगा. जुनी माणसं म्हणाली, त्यात काय सांगायचं? रापणीसारखा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी ते पाण्यात अर्धगोल टाकत नेते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि सगळा गाव दोन रांगा करून ओढतो. म्हातारीकोतारी, पोरंटोरं, वाटेनं चाललेला पाहुणासुद्धा. दोराला ज्याचा हात लागला त्याला माशांचा वाटा. कुणी ताकद मोजत नाही. ज्या घरात सुवेर, म्हणजे बाळंतपणाचं सोयर, असेल त्यांनी त्या दिवशी शिवायचं नाही, पुढच्या रापणीत ओढायचं, पुढचा वाटा घ्यायचा.

कंपनीला ते पटलं. करारात लिहिलं गेलं, 'रापणीच्या रिवाजाप्रमाणे.' नुकतीच तार घातली होती. करार झाला त्या दिवशी रापण ओढली गेली, कानसेननं पावलं मोजली, तेवढे वाटेकरी ठरले. आणि दुसऱ्या दिवसापासून किनारा शांत ठेवायचा म्हणून रापण बंद.

पुढची रापण आलीच नाही.

तेव्हापासून गावात दोन जाती झाल्या, वाटेकरी आणि बिनवाटेचे. त्या दिवशी आंबोलीहून सहज आलेला एक पाहुणा वाटेकरी होता. दर तीन महिन्यांनी त्याला घरबसल्या पैसे जात. आणि तृप्तीआते, जिच्या आजोबांनी गावाचं रापणीचं जाळं विणलं, ती बिनवाटेची. सोयरीक जमवताना पोरगा काय करतो हे नंतर, आधी विचारायचे, वाटो आसा?

आतेनं किल्ली पायरीवर ठेवली. पावनीच्या गालाला हात लावला. "येतंय गो, बाये. मोठ्यान् हसत ऱ्हव. तेवढा माका पनवेलाक ऐकाक येवंदे."

बाबा किल्लीकडे बघत उभे राहिले. पावनीची टाच सुरू झाली. ठकठक, ठकठक. यावेळी त्यांनी तिला थांबवलं नाही.

*

रविवारी सकाळी पावनी श्रवणघरात पोचली ती धुमसतच. बर्वेसर विहिरींचे आकडे बघायला आतल्या खोलीत होते. तिनं खुर्चीत अंग टाकलं, पाय आपटले, आणि पडद्यावर लगेच तिचं नाव उमटलं. वाटा नाही.

"कानसेन," ती म्हणाली, "का रे वाटा नाही मला?"

इतक्या महिन्यांत हे विचारावंसं तिला कधी वाटलंच नव्हतं. गावातही कुणाला वाटलं नव्हतं. उत्तर सगळ्यांना पाठ होतं ना!

"शेवटच्या रापणीत तुमचं पाऊल वाळूवर नव्हतं," कानसेन आपल्या सपाट, सभ्य आवाजात म्हणाला.

"मी बाबांच्या खांद्यावर होते! चार वर्षांची होते मी. बाबा वाकले आणि मी दोर धरला. मला आठवतंय, ओला होता आणि टोचला होता. हात लागला होता माझा!"

"हात मला ऐकू येत नाहीत. पावलं येतात. नितेश कोळंबकर त्या दिवशी नेहमीपेक्षा जड होते, एवढं मला ऐकू आलं."

पावनीला हसू आलं आणि रडूही. "म्हणजे मी जन्मभर बिनवाटेचीच."

"जन्मभर असं मी म्हटलं नाही. शेवटच्या रापणीत, असं म्हटलं."

"तेच ते! शेवटची म्हणजे संपलं सगळं."

"संपलं, अशी सूचना मला मिळालेली नाही. शेवटची म्हणजे आजवर झालेल्यांत शेवटची. उद्या रापण झाली, तर शेवटची रापण उद्याची असेल. वाटे तिच्यावरून ठरतील. करारात रिवाज तसा दिला आहे."

पावनीची टाच थांबली.

बारा वर्षं सगळं गाव 'शेवटची' हा शब्द सुस्कारा टाकून म्हणत होतं, आणि हा यंत्राचा गोळा बारा वर्षं नुसता पुढच्या रापणीची वाट बघत बसला होता!

ती सुटली. सुरूच्या बनातून, मऊ रबर अंथरलेल्या पायवाटेवरून, सरळ रापण दालनात.

रापण दालन हे तेलाच्या पैशातून बांधलेलं संग्रहालय. वातानुकूलित. काचेमागे जाळं, अंगणात चौथऱ्यावर जुनी रापणीची होडी आणि होडीत शेवंतीच्या कुंड्या. बाबा तिथे मार्गदर्शक होते. एकेकाळचा हा रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. आता गालिच्यावर उभा राहून पर्यटकांना हवेत दोर ओढून दाखवायचा.

तिनं सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी ऐकलं. काचेवरचा एक डाग बाहीनं पुसला.

"नाय," ते म्हणाले.

"बाबा!"

"हळू. रापण ओढली तर आवाज होतलो. आवाज झालो तर तीन महिन्यांचो पगार बंद, सगळ्या गावाचो. वर वाटे वाढतले म्हंजे प्रत्येकाचो लहान होतलो. लोकांका काय सांगू? माझ्या भैणीसाठी तुमच्या ताटातला काढतंय?"

"तिच्यासाठीच कशाला? ओवी आहे, मी आहे, सारिकाताईचा नवरा आहे, बारा वर्षांत जन्मलेलं प्रत्येक पोर आहे!"

"शेवटची म्हंजे शेवटची, पावनी. गप ऱ्हव."

पावनीनं काचेतून जाळ्याकडे बघितलं. बारा वर्षं काचेमागे असलेलं जाळं. त्याला कुठे धूळ नव्हती, कुठे भोक नव्हतं. आणि जागोजागी नवे, पांढरे धागे.

"हे कोण शिवतं रोज?" तिनं विचारलं.

बाबांनी बोटं मुठीत लपवली.

*

ती परत श्रवणघरात आली, कारण दुसरं करायचं काय? दुपार झाली. आतेची गाडी रस्त्याच्या टोकाला उभी असलेली खिडकीतून दिसत होती. ओवी डिकीत पिशव्या कोंबत होती. पावनीनं कानांवर हेडफोन चढवले. निदान आतेची पावलं तरी ऐकू, जाईपर्यंत.

आणि तिला दुसरंच काही ऐकू आलं.

सुपात कुणी तांदूळ पाखडतंय, असा आवाज. दक्षिणेकडून. आधी एक सूप, मग दहा, मग शंभर. सळसळ सळसळ करत तो किनाऱ्याकडे सरकत होता.

बर्वेसर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी एक हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "पावनी, हे काय आहे? इतक्या मोठ्या पट्ट्यावर?"

"कानसेन?" पावनीनं विचारलं.

"तारली मासे. मोठा थवा. शेपट्यांचा आवाज. या किनाऱ्यावर इतका मोठा थवा मी पूर्वी ऐकलेला नाही."

"विलक्षण!" सर म्हणाले. मग त्यांनी पावनीकडे बघितलं, आणि ती कुठे बघतेय ते बघितलं. "पावनी. इथे ऐकलेलं इथेच राहतं. तू शब्द दिला आहेस."

"हो सर."

"किनाऱ्यावर गोंधळ झाला तर मला तडे ऐकू येणार नाहीत. विहिरी बंद कराव्या लागतील. तुझं शिकणंही बंद होईल, मी काही करू शकणार नाही. कळतंय ना?"

कळत होतं. सगळं कळत होतं. हीच तर गंमत होती माडवेळची, सगळ्यांना सगळं कळायचं आणि सगळे गप! पावनीला ही खोली आवडत होती. ते खेकड्यांचे, लाटांचे आवाज आवडत होते. मोठेपणी हेच करायचं तिनं ठरवलं होतं. तिनं हेडफोन काढून व्यवस्थित टेबलावर ठेवले, वायर गुंडाळली. तेवढ्यात खिडकीबाहेर आतेनं गाडीचं दार उघडलं.

"मग विहिरी बंद करा सर," ती म्हणाली. "आत्ताच करा. म्हणजे धोका नको."

आणि ती पळाली. यावेळी रबराच्या पायवाटेवरून नाही. सरळ पुळणीवरून, उघड्या वाळूवरून, टाचा आपटत. धप, धप, धप. ऐक रे कानसेन, नीट ऐक!

किनाऱ्याच्या मधोमध ती थांबली. पाणी दूरवर काळपट झालं होतं आणि वर पांढरे पक्षी पडत होते, उठत होते. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले.

रापण आली की गावात कुकारो घालायचे. एकच लांब हाक, बेंबीच्या देठापासून. पावनीनं तो कधी ऐकला नव्हता. चार वर्षांची असताना ऐकला असेल तर तेवढाच. पण तिच्या छातीत तो जसा काही बारा वर्षं घडी घालून ठेवला होता.

"होऽऽऽऽ! तारली इलीऽऽऽऽ! होऽऽऽऽ!"

खिडक्या उघडल्या. कुत्री भुंकली. सुनंदाकाकी दारात आल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "आवाज कमी कर गो चेडवा, माझो पगार..." आणि मग त्यांची नजर पाण्यावर गेली आणि वाक्य तिथेच राहिलं.

कुणी हललं नाही. माणसं दारांत उभी होती, पायांना बारा वर्षांची शिस्त.

मग रापण दालनाच्या अंगणातून फटाक् फटाक् असा आवाज आला. कुंड्या फुटत होत्या. बाबा होडीतल्या शेवंतीच्या कुंड्या एकेक उचलून बाहेर फेकत होते आणि गेल्या बारा वर्षांत काढला नव्हता अशा आवाजात ओरडत होते, "बघतास काय रे? होडी काय मी एकटो उचलू?"

*

होडी गळत होती. दोघं वल्हवत होते, दोघं पाणी उपसत होते आणि बाबा मागे उभे राहून काचेमागून काढलेलं जाळं सोडत होते, शिव्या देत होते, हसत होते. ज्यांना आधी यायचं नव्हतं ते काय होतंय बघायला आले. बघायला आलेल्यांच्या हातात दोर आला. दोन रांगा झाल्या. सारिकाताईचा नवरा, ज्यानं जन्मात दोर ओढला नव्हता, तो पहिल्याच झटक्यात उताणा पडला आणि सगळ्या किनाऱ्यानं मोठ्यांदा, अगदी मोठ्यांदा हसून घेतलं.

मधेच काहीतरी थांबलं. पावनीला क्षणभर कळेना काय. मग कळलं. समुद्राकडून सतत एक बारीक घरघर यायची, विहिरींच्या पंपांची. इतकी रोजची की कानांनी तिची दखलच सोडून दिली होती. ती बंद झाली होती. सरांनी विहिरी बंद केल्या होत्या.

पाठोपाठ सरच धावत आले, हातात टॅबलेट, बुटांत वाळू.

"थांबा! ऐका! गावाचा तीन महिन्यांचा मोबदला गेलाय, अजूनही थांबलात तर मी वर बोलून बघतो. अहो, सोडा तो दोर!" आणि ओढणं थांबवायला त्यांनी टॅबलेट काखेत मारून समोरचा दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला. टाचा रोवल्या. उलट्या दिशेनं जोर लावला.

शेजारी सुनंदाकाकी होत्या. त्यांनी सोन्याचे दात दाखवले.

"हात लावलास मां?"

"काय?"

"दोराक हात लावलास. आता तुझो वाटो. नाय म्हणाचा नाय."

"अहो, मी थांबवायला धरलाय!"

"तां आमी विचारणव नाय," काकी म्हणाल्या. "ओढ आता. तोंडाकडे बघतंस काय?"

सरांच्या काखेतला टॅबलेट बोलला. कानसेनचा तोच सपाट, सभ्य आवाज. "नवी रापण सुरू आहे. पावलं मोजतो आहे. पावनी कोळंबकर, वाटेकरी. शंतनू बर्वे, वाटेकरी."

सर टॅबलेटकडे बघत राहिले. मग त्यांनी तो वाळूत ठेवला आणि त्यांना हसू आवरेना. आणि हसता हसता, आता धरलाच आहे म्हणून, त्यांनी दोर ओढला. योग्य दिशेनं.

पावनीला मात्र हसता येत नव्हतं. ती सारखी मागे बघत होती. किनारा भरला होता, पण रस्त्याच्या टोकाची गाडी तिथेच होती आणि आते गाडीच्या दाराशी उभी. ओवी केव्हाच पळत येऊन दोराला लटकली होती. आते हलत नव्हती. तिचा एक पाय रस्त्यावर होता, एक गाडीत.

जाळं जवळ आलं. दोर जड झाला. दोन्ही रांगा सरकायच्या थांबल्या. पाय वाळूत रुतत होते आणि जाळं जागचं हलत नव्हतं. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडले, "लावा जोर! सुटता बघा!"

त्यांनी किनाऱ्याकडे वळून बघितलं. सगळ्या डोक्यांवरून, रस्त्यापर्यंत.

"तृप्तेऽऽ!" त्यांची हाक पावनीच्या कुकाऱ्यापेक्षा मोठी होती. ती ऐकून पावनीला पहिल्यांदा कळलं, आपला आवाज कुणावर गेलाय ते. "जाळा जड झाला गो! हात कमी पडतत!"

आतेनं पायातल्या चपला काढल्या. हळूहळू नाही, झटकून टाकल्या. एक रस्त्यावर पडली, एक गाडीखाली गेली. ती धावत आली, साडी खोचत, आणि पावनीच्या पुढे दोराला जागा नव्हती तर जागा करून घुसली. तिनं दोर धरला तेव्हा तिच्या तोंडातून कसलासा आवाज निघाला. ओला होता आणि टोचत होता, म्हणून असेल.

"तृप्ती कुबल," वाळूतला टॅबलेट म्हणाला, आणि पुढचं कुणालाच ऐकू गेलं नाही, कारण त्याच क्षणी जाळं सुटलं, रांगा धडपडत मागे गेल्या आणि वाळूवर चांदीच चांदी उडायला लागली.

*

नंतर बाबा ढीग घालत बसले. एक वाटा, दुसरा वाटा, तिसरा. पनवेल, पुणे आणि आंबोलीहून फोन यायला सुरुवात झाली होती. जे वाटेकरी आज इथे नव्हते त्यांना बातमी लागली होती. कुणी रडत होतं, कुणी वकिलाचं नाव सांगत होतं.

"पुढच्या रापणीक येवा म्हणान सांग," बाबांनी फोन न घेताच निरोप दिला.

"पुढची?" सारिकाताईचा नवरा म्हणाला. "म्हणजे परत पगार जाणार?"

"उद्या भांडू त्यावर."

"मोठ्यान् भांडू," सुनंदाकाकी म्हणाल्या.

बर्वेसर स्वतःच्या टोपीत तारली भरून उभे होते. टोपीतून पाणी गळत होतं आणि यांचं करायचं काय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"सर," पावनी म्हणाली, "माझं शिकणं बंद ना?"

"वर कळवायला हवं," सर म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "पण आधी एक सांग, ही साफ कशी करायची?"

आते वाळूत बसली होती, मांडीवर तिचा वाटा. लहानसाच होता, इतक्या जणांत. ती एकेक मासा उचलून नखानं खवले काढत होती, जसं काही तिला कुठे जायचंच नव्हतं. पावनी तिच्याजवळ बसली. दोघी काही बोलल्या नाहीत, आणि हे गप बसणं वेगळंच होतं, ह्याचा पगार नव्हता.

रस्त्याच्या टोकाकडून मघापासून टुण् टुण् असा आवाज येत होता आणि गाडीतली बाई मंजुळ आवाजात तेच तेच सांगत होती.

"दरवाजा उघडा आहे. कृपया दरवाजा लावा. दरवाजा उघडा आहे."

आतेनं मान वर करून एकदा तिकडे बघितलं आणि पुढचा मासा घेतला.

"बोलांदे," ती म्हणाली.